निकाहनामा ए-४ वर का नको?

आमच्या नाशिक रोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये पासपोर्टही छापले जातात आणि स्टॅम्प पेपरही. पासपोर्टचं माप १२५ बाय ८८ मिलिमीटर, म्हणजे आंतरराष्ट्रीय बी-७. म्हणूनच उमऱ्याला निघालेल्या माणसाचा पासपोर्ट मुंबईच्या यंत्रात बसतो, तसाच जिद्द्याच्याही. स्टॅम्प पेपर मात्र ए-४ पेक्षा लांब. त्याची झेरॉक्स काढायला गेलं की अडचण सुरू.

ए-४ मागचं गणित सोपं आहे. ए-० म्हणजे एक चौरस मीटर कागद. तो मधोमध चार वेळा दुमडला की २१० बाय २९७ मिलिमीटरचा ए-४ मिळतो. प्रत्येक घडीत लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं, म्हणून ए-३ वरचा मजकूर ए-४ वर काहीही न कापता उतरतो. जर्मनीने ही मापं १९२२ मध्ये ठरवली. १९७५ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली.

लीगल कागद २१६ बाय ३५६. तो ए-४ वर घ्यायचा तर लहान करा, नाहीतर कापा. लहान केला तर शिक्का वाचता येत नाही, कापला तर खालची सही जाते. आपल्याकडच्या निकाहनाम्यांना आणि शाळा सोडल्याच्या जुन्या दाखल्यांना तर ठरलेलं मापच नाही. शिवाय उर्दूची ओळ उजवीकडून सुरू होते. उजवी कड कापली गेली की पहिला शब्दच गायब, आणि कित्येकदा तो नावाचा असतो. मग अर्ज परत येतो आणि कुणाच्या तरी अब्बांची दिवसाची मजुरी बुडते.

सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०२० पासून दोन्ही बाजूंनी छापलेला ए-४ कागद स्वीकारला. न्यायालयाला जमतं, तर दाखले देणाऱ्या प्रत्येक कचेरीला आणि शाळेलाही जमायला हवं. ते आपण मागूच.

पण निकाहनामा छापणं आपल्याच हातात आहे. काझीसाहेबांना आणि मशिदींच्या विश्वस्तांना माझी विनंती आहे: पुढची पुस्तकं ए-४ मापात छापून घ्या, चारही बाजूंना दोन सेंटिमीटर जागा सोडा, नावं उर्दूसोबत मराठीतही लिहा. यात शरियतच्या कोणत्याही मसल्याला धक्का लागत नाही. छापखान्याला फक्त माप सांगायचं आहे. त्यामुळे एखाद्या मुलीला आपल्याच लग्नाचा पुरावा घेऊन दोनदा रांगेत उभं राहावं लागणार नाही.