जावळी ते बांद्राभान

होशंगाबादजवळ (आजचे नर्मदापुरम्) तवा नदी जेथे नर्मदेला मिळते, त्या बांद्राभानच्या संगमावर १९ मे २०१७ रोजी अनिल माधव दवे यांच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार झाले. आदल्याच दिवशी, अवघ्या साठीत, त्यांची प्राणज्योत मालवली होती. त्या वेळी ते केंद्रात पर्यावरण, वने व हवामान बदल खात्याचे राज्यमंत्री (स्वतंत्र कार्यभार) होते. ही जागा कुटुंबीयांनी वा पक्षाने ठरविलेली नव्हती. २३ जुलै २०१२ रोजीच दवे यांनी ती आपल्या इच्छापत्रात लिहून ठेविली होती. त्याच कागदावर आणखी काही ओळी होत्या आणि त्या ओळींनी त्यांच्या चाहत्यांना मोठ्या पेचात टाकले. त्यांचा आशय असा, की आपल्या स्मरणार्थ स्मारक, पुतळा, पुरस्कार, स्पर्धा असे काहीही करू नये. काही करावेसे वाटलेच तर झाडे लावावीत व ती वाढवावीत, नदी-तलाव जपावेत आणि तेही आपले नाव न घालता.

ज्याने आयुष्याची कैक वर्षे इतरांची नावे जनमानसात रुजविण्यात वेचली, त्याने स्वतःच्या नावाविषयी असा निर्णय घ्यावा, यातच त्या जीवनाचे मर्म आहे.

उज्जैन जिल्ह्यातील बडनगर येथे ६ जुलै १९५६ रोजी दवे यांचा जन्म झाला. इंदूरला शिक्षण झाल्यावर ते पुढे संघाचे प्रचारक म्हणून बाहेर पडले. मध्य प्रदेशच्या राजकारणात त्यांचे नाव झाले ते २००३ च्या विधानसभा निवडणुकीने. १९९८ साली विजय हाताशी आला असे वाटत असतानाच भाजपला पराभव पत्करावा लागला होता. तेव्हाच्या अविभाजित राज्यात ३२० पैकी काँग्रेसला १७२ व भाजपला ११९ जागा मिळाल्या. वातावरण अनुकूल असणे आणि मतदान अनुकूल होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा त्या पराभवाने दिला. वातावरणाचे मतदानात रूपांतर करण्याचे शास्त्र म्हणजेच निवडणुकीचे व्यवस्थापन. २००३ मध्ये त्या व्यवस्थापनाची धुरा दवे यांच्याकडे आली.

भोपाळमधील त्या प्रचारयंत्रणेच्या केंद्राला त्यांनी नाव दिले ‘जावळी’. मराठी मनाला या नावाचा अर्थ सांगण्याची गरज नाही. शिवरायांनी १६५६ साली जावळीचे खोरे घेतले, तेथे प्रतापगड उभारला आणि १६५९ साली अफजलखानाला त्याच्या सोयीच्या सपाट मुलखातून त्या दाट रानात यावयास भाग पाडले. सामना कोठे व्हावा, हे ज्याला ठरविता येते त्याची निम्मी लढाई आधीच जिंकलेली असते. दहा वर्षांच्या सत्तेपुढे २००३ मध्ये जो सामना उभा राहिला, तो वीज, रस्ते आणि पाणी या मैदानावर. ‘मिस्टर बंटाढार’ हे त्या प्रचारातील संबोधन पुष्कळ गाजले. मात्र अंधारलेली गावे व खड्ड्यांचे रस्ते लोक रोज अनुभवीत होते, म्हणूनच ते चालले. अनुभवाचा आधार नसलेली घोषणा दुसऱ्या सभेपर्यंतही टिकत नाही. ४ डिसेंबर २००३ रोजी निकाल लागला. २३० पैकी भाजपला १७३ जागा मिळाल्या, काँग्रेस ३८ वर थांबली. २००८ व २०१३ च्या विजयांतही दवे यांच्या नियोजनाचा वाटा होता.

आज प्रचारनीती हा एक व्यवसाय झाला आहे. मोबदला घेऊन आज या पक्षाचे, तर उद्या त्या पक्षाचे काम करणाऱ्या संस्था उदयाला आल्या आहेत. त्यांच्या कौशल्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. निकालानंतर त्यांचे काम संपते, कार्यकर्त्याचे मात्र तेथून सुरू होते. दवे यांनी ‘शिवाजी व सुराज’ हे पुस्तक लिहिले, ते शिवरायांच्या राज्यकारभाराविषयी. जावळीचे नाव घेणाऱ्याला केवळ जावळीवर थांबता येत नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी मिळालेल्या विजयाची सार्थकता पुढच्या कारभाराने ठरली.

दवे यांनी ‘नर्मदा समग्र’चे काम उभारले, बांद्राभानला नदी महोत्सव सुरू केला, नर्मदेची परिक्रमा विमानातून केली आणि १३१२ किलोमीटरचा तिचा प्रवाह तराफ्यातून अनुभविला. भोपाळच्या त्यांच्या निवासाचे नावही ‘नदी का घर’. २००९ मध्ये ते राज्यसभेवर गेले. जुलै २०१६ मध्ये मंत्री झाले आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरला भारताने पॅरिस करारास मान्यता दिली, तेव्हा त्या खात्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

येथेच एक अप्रिय गोष्ट बोलावी लागते. त्यांच्या निधनानंतर दीड महिन्याने, २ जुलै २०१७ रोजी, नर्मदेच्या खोऱ्यात एका दिवसात सहा कोटींहून अधिक रोपे लावल्याचे राज्य शासनाने जाहीर केले. त्यांपैकी खरोखर किती लागली व किती जगली, यावर पुढे बरेच वाद झाले. नर्मदेच्या पात्रातील अवैध वाळूउपशाचा प्रश्नही दीर्घकाळ गाजत राहिला. हे सारे आपल्याच विचारांचे सरकार असताना घडले, म्हणून त्याकडे डोळेझाक करणे हा दवे यांचा सन्मान नव्हे. झाडे लावावीत एवढेच लिहून त्यांची लेखणी थांबली नव्हती. ती वाढवावीत, असेही तिने लिहिले होते. विक्रम एका दिवसात होतो. झाड वाढवायला दहा-वीस वर्षांची निगराणी लागते, आणि ती करणाऱ्याचे छायाचित्र कोठेही छापून येत नाही.

संघटनेच्या कामात फलक, हारतुरे व नामकरणे यांचा सोस वाढत असताना हे इच्छापत्र प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा शांतपणे वाचावे. आपल्या गावच्या ओढ्याकाठी एक रोप लावावे, तीन उन्हाळे त्याला पाणी घालावे आणि त्यावर पाटी लावू नये. ती न लावलेली पाटी हेच अनिल माधव दवे यांचे स्मारक.