सगळ्यात शेवटी कोण चालतं?

परवा रात्री ताईचा फोन. भाचीनं कॉलेजच्या हायकिंग क्लबात नाव घातलंय आणि पहिलाच ट्रेक राजगडचा. "तूच तिला किल्ल्यांच्या गोष्टी सांगून बिघडवलंस, आता तूच समजाव," असा एकंदर सूर. मुलं-मुली बरोबर, परतायला अंधार, काही झालं तर... ही यादी आईनं मला १९९६ साली वाचून दाखवली होती, त्यामुळे पाठच आहे.

ताई हे वाचणार आहेच, म्हणून स्पष्ट लिहिते. जाऊ दे तिला. मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची आणि ती तुझ्या यादीत नाही.

माझाही पहिला ट्रेक राजगडच. (तेव्हा तो जागतिक वारसा वगैरे नव्हता, ते २०२५ मध्ये झालं.) स्वारगेटहून एसटीनं निघून गुंजवणे, तिथून चोर दरवाज्याची वाट. ऑक्टोबरचं ऊन. वीस जणांत आम्ही दोनच मुली, आणि दोघींनी न बोलताच ठरवलेलं की पाणी प्यायचं नाही. का, ते बायकांना सांगायला नको. पुरुष मंडळींसाठी सांगते: उघड्या सोंडेवर आडोसा नसतो, आणि अठराव्या वर्षी वीस जणांपुढे "जरा थांबता का?" म्हणण्यापेक्षा तहानलेलं राहणं सोपं वाटतं.

शेवटच्या उभ्या चढावर पोटऱ्यांत गोळे आले. डोळ्यांपुढे काजवे. वरून लीडर ओरडला, "कोण राहिलंय?" मी म्हटलं, "बूट बांधतेय." तीनदा बूट बांधले मी!

सगळ्यांच्या मागे तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा होता. त्याला सगळं दिसत होतं. माझ्याशी काही न बोलता त्यानं वर हाक दिली, "माझे पाय भरून आलेत रे, दहा मिनिटं बसू." मग मीठ-साखर घातलेल्या पाण्याची बाटली माझ्यापुढे धरली, आणि चारही मुलांना घेऊन वळणापलीकडे वाट बघायला निघून गेला. संध्याकाळी संजीवनी माचीवर तोच गडी पळत सुटला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाय त्याचे कधी भरून आलेच नव्हते.

बऱ्याच क्लबांत नवख्याला 'लिंबूटिंबू' म्हणायचं, सामानाचा जड टोप त्याच्याच सॅकेत कोंबायचा, अशी रीत असते. त्यानं माणूस घट्ट होतो म्हणे. मला हे अजिबात पटत नाही. लाजलेला माणूस घट्ट होत नाही, तो लपवायला शिकतो. तळपायाचा फोड लपवतो, संपलेलं पाणी लपवतो. आणि डोंगरात लपवलेली गोष्ट नेमकी कड्यापाशी बाहेर येते.

दुसरं म्हणजे हळू चालणाऱ्याला मागे ठेवणं. पुढचे बसतात, गप्पा मारतात, हा धापा टाकत पोचतो तेव्हा ते उठून निघतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही! सगळ्यात हळू चालणारा लीडरच्या पाठोपाठ हवा आणि शेवटी सगळ्यात दमदार माणूस. त्यासाठी पैसे लागत नाहीत, महागडे बूटही नाहीत. २०२१ साली राज्यानं साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, नोंदणी-बिंदणी आली, चांगलंच झालं. पण "बूट बांधतेय" याचा अर्थ ओळखणं कुठल्या कागदात लिहून येणार?

असो. तर भाचीला मी एकच प्रश्न विचारायला सांगितला: शेवटी कोण चालतं? उत्तर आलं, "त्यात काय, जो दमेल तो." भाची आमचीच. तिनं बैठकीत सगळ्यांसमोर हे चूक आहे म्हणून सांगितलं. थोडं हसले म्हणे. पण आता तिसऱ्या वर्षाची एक मुलगी मागे चालणार आहे, नवे चौघं पुढे, आणि दर तासाला मुलींसाठी वेगळा थांबा.

ताई, दोन लिटर पाणी आणि इलेक्ट्रॉलची पुडी मी दिलीय. रविवारी पहाटे स्वारगेटला मीच सोडते तिला. तू झोप.