गोचीड कुणाच्या हातात?

बोईसरच्या आमच्या बैठकीत मी गोचिडीचा विषय काढला तेव्हा बाया आधी हसल्या. दारू, रेशन, ठेकेदारानं बुडवलेली मजुरी हे आपले विषय. गोचीड म्हणजे गुराढोरांचं. पण मागे बसलेली एक वारली बाई म्हणाली, "ताई, रोज गोठ्यात आम्हीच काढतो की. नखानं चिरडतो, नाहीतर चुलीत टाकतो." हसणं थांबलं.

2020 च्या सप्टेंबरअखेरीस, कोरोनाचा कहर चालू असताना, पालघर जिल्ह्यात काँगो तापाबद्दल सावधगिरीचा इशारा दिला गेला. गुजरातेत रुग्ण सापडले होते आणि आपला जिल्हा वलसाडला लागून. इशारा होता पशुपालक, मांसविक्रेते आणि पशुसंवर्धन अधिकारी यांच्यासाठी. आता पशुपालक म्हणजे कोण? कागदावर घरचा पुरुष. बैठकीतल्या एकीलाही हा इशारा आठवत नव्हता.

या तापाचा विषाणू गोचिडीतून जनावरात जातो. जनावर आजारी दिसत नाही, म्हणून संशयही येत नाही. माणसाला तो गोचीड चावल्यानं, चिरडताना तिचं रक्त हाताला लागल्यानं किंवा कापलेल्या जनावराच्या रक्तातून होतो. मग ताप, अंगदुखी, पुढे रक्तस्राव. आणि रुग्णाच्या रक्तातून तो सेवा करणाऱ्याला लागतो. 2011 च्या जानेवारीत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं भारतातला पहिला उद्रेक सिद्ध केला तो अहमदाबाद जिल्ह्यातला. आधी खेड्यातली एक बाई गेली, मग तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि परिचारिका. गोठा बाईचा, रुग्णाच्या उशाशी जागणंही बाईचं. आजार जणू आपल्या कामाची वाटणी पाहूनच चालतो.

कुणी म्हणेल, हा निसर्गाचा कोप, यात बाईचा आणि गरिबीचा काय संबंध? माकडतापाकडे बघा. 1957 साली कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात तो प्रथम सापडला. हाही गोचिडीचाच. 1982-83 मध्ये दक्षिण कन्नडमध्ये काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडलं, तिथे तो उसळला आणि भूमिहीन मजुरांना भोवला. 2015 साली गोव्याच्या सत्तरीत, 2016 साली आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गला तो पोचला. काजूचा हंगाम आणि या तापाचा हंगाम एकच. वाकून काजू वेचणारी, पातेरा गोळा करणारी, लाकूडफाटा आणणारी बाई त्याच्या वाटेत उभी. तिला सांगतात, जंगलात जाऊ नका. मग चूल कशावर पेटवायची?

माकडताप पालघरचा नव्हे, उगाच घाबरू नये. पण कामं तीच आहेत. भाताच्या राबासाठी टाळ आणि पातेरा उन्हाळ्यात कोण गोळा करतं? सिलिंडर घरात आहे, पण तो भरून आणायचा म्हणजे किती दिवसांची मजुरी, ते ज्याचं त्याला ठाऊक. म्हणून मोळी चालूच. इकडे एमआयडीसी वाढली, अणुऊर्जा केंद्राच्या 3 आणि 4 क्रमांकाच्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठवली. विकासाच्या आराखड्यात घरं मोजतात. शेळी कुठे चरेल आणि रात्री कुठे बांधायची, हा हिशेब बाईनं घालायचा. बहुतेकदा ती बांधली जाते माणसं झोपतात त्याच छपराखाली.

आमच्यातली एक जण कारखान्यात पॅकिंगला जाते, ठेकेदाराकडे. सकाळी शेळ्या, मग पाळी, मग चूल. मागच्या वर्षी तिला ताप आला. चार दिवस अंगावर काढला, कारण खाडा झाला की रोज कापला जातो. शेवटी मी तिला एका दवाखान्यात नेलं. केसपेपरवर व्यवसाय लिहिला 'गृहिणी'. ना कारखाना, ना शेळ्या. डॉक्टरांनी जनावरांबद्दल विचारलंच नाही. ताप मलेरियाचा निघाला, ती बरी झाली. पण तो दुसरा कुठला असता तर त्या एका शब्दापुढे तपास गेला नसता. गृहिणीला गोचीड कुठून चावणार? बाईचं काम मोजलं जात नाही, हे आपण मजुरीच्या बाबतीत वर्षानुवर्षं बोलत आलो. ते न मोजणं जिवावरही बेतू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं.

हातमोजे घाला, असा सल्ला मिळतो. हातमोजे कुणी द्यायचे? गुरांवर गोचिडीचं औषध फवारायला सांगतात, तेही बाईच उघड्या हातानं कालवते. आशाताई तापाच्या माणसाच्या घरी पहिल्यांदा पोचते, तिच्या पिशवीत ते आहेत का, हेही विचारायला हवं. आणि केसपेपरवर 'घरी जनावरं आहेत का, त्यांचं कोण करतं' एवढी एक ओळ वाढवायला निधी लागत नाही.

पुढच्या बैठकीला पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टरांना बोलावलंय. ते सकाळी दहाची वेळ म्हणत होते. बायांनी निरोप धाडलाय, दुपारी दोननंतर या. त्याआधी मोळी विकून यायची असते.