अभिमान कुणाच्या बापाचा?

देशाभिमान हल्ली रेशनवर मिळतो. रांगेत उभं राहायचं, कार्ड दाखवायचं, आडनाव वाचणाऱ्याच्या कपाळावरची आठी बघायची आणि मापात येईल तेवढा अभिमान पिशवीत घालून घरी न्यायचा. माल ठरलेला : पाच हजार वर्षांची संस्कृती, ऋषिमुनी, विश्वगुरू. निवडून घ्यायची सोय नाही. वर दुकानदार दरडावणार, ‘अभिमान वाटतो ना? मग मोठ्यानं बोल!’

या पाच हजार वर्षांतली आमच्या वाट्याला किती आली? गावकुसाबाहेरची सगळी. मेलेली ढोरं ओढण्याची सगळी. ज्या संस्कृतीच्या अंगणात आमची सावली पडलेली चालली नाही, तिचे गोडवे आम्ही गायचे. म्हणजे पाटलाच्या वाड्यामागं शिळ्या भाकरीसाठी जो उभा राहिला, त्यानंच त्या वाड्याच्या कमानीचा अभिमान बाळगायचा! हा धंदा आम्हाला मान्य नाही.

दोस्तहो, इथपर्यंत आपलं एकमत. भांडण पुढं आहे आणि ते आपल्याच पोरांशी आहे. होस्टेलच्या खोलीत, चहाच्या टपरीवर, शिबिराच्या रात्री कोणीतरी हमखास म्हणतो, ‘आपल्याला देशच नाही. बाबासाहेबच म्हणाले होते.’

म्हणाले होते. 14 ऑगस्ट 1931 ला, मुंबईत मणिभवनात, गांधींच्या तोंडावर म्हणाले होते की मला मायभूमी नाही. पण त्या तारखेच्या अलीकडं-पलीकडं बघा की! अलीकडं 1927 चं महाड आहे. पलीकडं 1949 ची राज्यघटना आहे. मायभूमी नाही म्हणणारा माणूस मधली सगळी वर्षं काय टाळ कुटत बसला होता? ती फिर्याद होती. आणि फिर्याद हक्कदार करतो. पाहुणा फिर्याद करत नाही, तो चपला घालून चालू लागतो.

राजा ढालेंनी 1972 साली ‘साधना’त तेच केलं. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला शिक्षा किती आणि दलित बाईच्या अब्रूला हात घातला तर किती, हे त्यांनी शेजारी शेजारी मांडलं. सभ्य लोकांना ध्वजाची काळजी पडली. बाईची पडली नाही. तेव्हा देशद्रोही कोण, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

आता माझी कारणं सांगतो. फक्त तीन. तुमची तुम्ही शोधा.

पहिलं, पाणी. महाडच्या नगरपालिकेनं 1924 साली चवदार तळं सगळ्यांना खुलं केलं, कागदावर. 20 मार्च 1927 ला आपले हजारो लोक खरोखर तळ्यावर गेले आणि प्याले. मग काय झालं? आधी मारझोड. मग 108 घागरी शेणमूत-दूधदही ओतून तळं ‘शुद्ध’ केलं. नगरपालिकेनं आपलाच ठराव मागं घेतला. प्रकरण कोर्टात गेलं. 17 मार्च 1937 ला मुंबई हायकोर्टानं निकाल दिला, आपल्या बाजूनं. दहा वर्षं! ओंजळभर पाण्यासाठी! तळं काय, कुत्र्यामांजरांनाही खुलं होतं. तळ्याचा मला अभिमान नाही. पोटाला चिमटा काढून दहा वर्षं न हटणाऱ्या माणसांचा आहे, आणि ती माणसं याच मातीतली होती.

दुसरं, मत. सायमन कमिशनपुढं 1928 सालीच बाबासाहेबांनी प्रौढ मतदानाचा हक्क मागितला. घटनेनं तो दिला. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत 17 कोटींवर मतदार होते आणि बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. माझी आजी त्यातलीच, अंगठेवाली. तिच्या मताचं वजन पाटलाच्या मताइतकंच. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या काळ्या माणसाला असं बिनधास्त मत द्यायला 1965 चा कायदा यावा लागला. स्वित्झर्लंडमधल्या बायांना देशाच्या निवडणुकीत मत मिळालं 1971 साली. आमच्या म्हातारीनं त्यांच्या आधी दिलं! त्याच निवडणुकीत बाबासाहेब उत्तर मुंबईत पडले, हेही विसरायचं नाही. मताचा हक्क मागणाराच पडला, तरी म्हातारीचं मत पाटलाच्या मताइतकंच राहिलं.

तिसरं, लेखणी. 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये एका मांगाच्या पोरीचा निबंध छापून आला. मुक्ता तिचं नाव. फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकलेली. उणीपुरी तीन वर्षांची शाळा, आणि पोरीनं विचारलं काय? वेद वाचायचा आम्हाला अधिकार नाही, तर आमचा धर्म कोणता? भल्याभल्या शास्त्र्यांना याचं उत्तर आजवर देता आलेलं नाही. आज 6 डिसेंबरला दादरला जा. लाखो माणसं येतात, फुटपाथवर पुस्तकांचे ढीग लागतात, आणि फाटक्या चपलेतली माणसं गावी जाताना पिशवीत पुस्तक घालून नेतात. मुक्ताची ही बिरादरी.

यावर शहाणे म्हणणार, ‘हा देशाचा कुठं, हा तर तुमच्या जातीचा अभिमान.’ वा रे वा! टिळक देशाचे आणि मुक्ता मांगांची, ही वाटणी कुणी केली? प्रौढ मतदानानं ब्राह्मणाच्या विधवेला मत दिलं की नाही? पाटलाच्या सुनेला दिलं की नाही? आम्ही मागितलं ते सगळ्यांसाठी मागितलं. तुमचं ‘राष्ट्रीय’ मात्र दर वेळी वेशीच्या आतच थांबतं.

आणि कुणी असंही समजू नये की अभिमान वाटला म्हणजे हिशेब मिटला. 29 सप्टेंबर 2006 ला खैरलांजी घडली. मैला उचलायला लावण्याविरुद्ध 1993 साली कायदा झाला, 2013 साली पुन्हा झाला, आणि माणसं अजून गटारात गुदमरून मरतात. कुणाची माणसं, ते सांगायला नको. 25 नोव्हेंबर 1949 ला बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणात समता आणि समाजात विषमता, असल्या विसंगतीत आपण पाऊल टाकतोय. ती विसंगती अजून शाबूत आहे. माझा अभिमान देशाला सूट देत नाही. आम्ही इथं काय काय केलं याची ती पावती आहे, आणि पावती हातात असलेला माणूस बाकी मागतो.

तेव्हा पोरांनो, कामाला लागा. आपल्या गावात विहिरीवर पहिला पोहरा कुणी टाकला, शाळेच्या वर्गात पहिली कोण बसली, मेलेलं ढोर ओढायला पहिलं ‘नाही’ कोण म्हणालं, म्हाताऱ्यांना विचारा. नावं लिहून काढा. म्हातारी माणसं जगतात किती दिवस!

आणि 15 ऑगस्टला कुणी भाषणाला बोलावलं तर नाही म्हणू नका. जा. मुक्ताचं नाव घ्या, महाडचा निकाल सांगा, आणि त्याच दमात गटारात मेलेल्यांची गोष्ट काढा. ज्याला ऐकवणार नाही तो उठून जाईल. आपण उठायचं नाही.

जयभीम.