पाणी की पानी? जीभ कुठे टेकते ते पाहा



समजा, दुसरीतले पोर शाळेतून तोंड पाडून घरी आले. धडा वाचताना ते 'डोळा'ऐवजी 'डोया' आणि 'पाणी'ऐवजी 'पानी' म्हणाले, आणि सारा वर्ग हसला. घरी तर आजीही 'डोया' म्हणते आणि बापही 'पानी' म्हणतो. मग चूक कोणाची? याचे उत्तर आपल्या तोंडातच आहे. वर्ण तोंडात कुठे तयार होतो, एवढे पाहिले की पुरे.

गावाच्या नावापासूनच सुरुवात करू. सिंदखेड राजा तालुक्यातले आपले साखरखेर्डा. हे नाव सावकाश म्हणून पाहा. 'सा' म्हणताना जिभेचे टोक दातांमागे जाते आणि फटीतून वारा सुटतो. हा दंत्य वर्ण. 'ख' म्हणताना जिभेचा मागचा भाग घशाजवळ वर टेकतो. तो कंठ्य. शेवटच्या 'डा'ला जिभेचे टोक मागे वळून टाळूला लागते. तो मूर्धन्य. प, ब, म हे ओठांवर होतात, म्हणून ओष्ठ्य. जिभेचा मधला भाग टाळूला लागला की तालव्य. 'चार पेंढ्या चारा' म्हणा. 'चार'मधला च तालव्य आहे, पण 'चारा'मधला च दातांकडे सरकतो. त्याला दंततालव्य म्हणतात. लिहायला अक्षर एकच, पण आपली जीभ दोन्ही वेगळे ओळखते. हे तिला कोणी शिकवले नव्हते.

आता तळहातावर कापसाचा पुंजका घेऊन तोंडापुढे धरा. 'कडा' म्हटले तर तो जेमतेम हलेल, 'खडा' म्हटले तर उडेल. जास्त वारा सुटतो तो ख महाप्राण, कमी सुटतो तो क अल्पप्राण. मग गळ्यावर बोटे ठेवा. नुसते 'स्स्स' म्हटले तर गळा शांत राहतो, हा अघोष. 'म्म्म' म्हटले तर गळा थरथरतो, हा घोष. तसेच 'म्म्म' म्हणताना नाक दाबा, आवाज बंद पडेल. कारण म नाकातून येतो, तो अनुनासिक.

आता आपल्या पोराकडे वळू. 'ळ' म्हणायला जीभ मागे वळवून टाळूला लावावी लागते. 'य'ला जीभ टाळूजवळ जाते, पण टेकत नाही. वऱ्हाडात पुष्कळ घरांत ळ चा य होतो, खानदेशात अहिराणीतही होतो. 'ण' मूर्धन्य आहे, 'न' दातांकडचा आहे. पोराची जीभ घरच्या वळणाने गेली, एवढेच. 'पानी' हा शब्द हिंदीच्या पुस्तकात बरोबर ठरतो, आणि मुळातला संस्कृत शब्दही 'पानीय' असाच, न चा आहे. तेव्हा हा जिभेचा दोष नव्हे, ही बोली आहे.

बोली चिवट असते. 1724 साली याच गावाजवळ निजाम-उल-मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि विजयाची आठवण म्हणून गावाला फत्तेखेर्डा नाव दिले. लोकांच्या तोंडी मात्र साखरखेर्डाच राहिले.

म्हणून आई-बापांनो, पोराला झिडकारू नका. 'घरी डोया, पुस्तकात डोळा' असे सांगा आणि जीभ वळवून दाखवा. दोन्ही येणे ही कमाईच आहे. लाजून गप्प बसलेले पोर मात्र वाचायचेच टाळते.

पण एक फरक ध्यानात ठेवा. सारे घर नीट बोलते आणि एकटे लेकरूच 'काका'ला 'ताता' म्हणते, म्हणजे कंठ्याच्या जागी दंत्य आणते, तेव्हा ती बोली नव्हे. लहान वयात हे चालायचेच. बहुतेक मुलांचे चौथ्या वर्षापर्यंत सुधारते, र तर त्याहून उशिरा येतो. पुढेही तसेच राहिले, लेकरू हाकेला वळत नसेल, कान वाहत असेल, किंवा दीड वर्षाचे होऊनही एक शब्द बोलत नसेल, तर 'बोलेल सावकाश' म्हणून थांबू नका. कानात तेल घालू नका. डॉक्टरांकडून कान तपासून घ्या. जे नीट ऐकू येत नाही, ते जीभ शिकणार कशी? 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत मुलांची तपासणी होते. पथक येईल त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका आणि आपली शंका तिथे बोलून दाखवा.

आज रात्री जेवणे झाली की कापसाचा पुंजका घेऊन पोरांना जवळ बसवा. खेळता खेळता कोणाची जीभ कुठे टेकते ते कळेल.