शेवट ठाऊक असला म्हणून काय बिघडलं?

मुलांच्या एका खेळपटावर या आठवड्यात पुन्हा तेच परीक्षण वाचलं: कथा साचेबद्ध, शेवट आधीच कळतो, पण बच्चेकंपनीला आवडेल. या स्तंभाच्या वाचकांना माझा हा राग नवा नाही. दुबळा खेळाडू शेवटी उभा राहणार, हे तिकीट काढतानाच माहीत असतं. पाहायचं असतं ते एवढंच, की तिथवर पोचायला त्याला काय किंमत मोजावी लागली.

ते न पाहिल्यानं काय होतं, याचा नमुना म्हणजे 'टर्बो'. 2013 साली तो आला तेव्हा अनेक समीक्षकांनी त्याला पिक्सारच्या 'कार्स'च्या (2006) पंगतीला बसवलं. दोन्हीकडे वेग आणि शर्यत, म्हणजे गोष्ट तीच. मला मात्र हे दोन चित्रपट एकमेकांच्या पार विरुद्ध वाटतात.

'टर्बो'चा नायक थिओ ही बागेतली गोगलगाय. त्याला वेग मिळतो तो अपघातानं, एका मोटारीच्या इंजिनात ओढला जाऊन नायट्रस ऑक्साइडमध्ये न्हाऊन निघाल्यावर. अगदी शेवटी शंखाला तडे जातात, शक्ती संपते आणि तो सरपटत निघतो, तेव्हा कुठे चिकाटी पडद्यावर येते. माझ्या लेखी चित्रपटातली तेवढीच मिनिटं खरी.

'कार्स'मधला मॅक्वीन मुळातच वेगवान. पण मातीच्या ट्रॅकवरचं एक वळण काही त्याला जमत नाही. डावीकडे जायचं तर उजवीकडे वळव, असं म्हातारा डॉक हडसन सांगतो. मॅक्वीन वैतागतो, तरी करून पाहतो आणि थेट निवडुंगात जाऊन पडतो. धूळ झाडून पुन्हा येतो, पुन्हा पडतो. चित्रपटाचा हा मधला भाग अनेकांना रेंगाळलेला वाटला! अहो, सराव रेंगाळतोच.

शेवटच्या शर्यतीत तेच वळण त्याच्या कामी येतं. तो सर्वांच्या पुढे असतो, पण ज्येष्ठ स्पर्धक 'द किंग' उलटलेला पाहून रेषेच्या अलीकडे ब्रेक लावतो आणि मागे जाऊन त्याला ढकलत रेषेपार नेतो. करंडक प्रतिस्पर्धी चिक हिक्सला जातो. 'द किंग'ला आवाज दिला आहे रिचर्ड पेटीनं, नॅस्कारच्या 200 शर्यती जिंकलेल्या माणसानं. नायक जिंकता जिंकता आपणहून थांबतो, हा शेवट किती जणांना आधी कळला होता?

माझं जुनंच म्हणणं पुन्हा मांडतो. आपण मुलांना बक्षीस समारंभाला नेतो, सरावाला नेत नाही. परीक्षणंही त्याच सवयीतून लिहिली जातात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पालक त्या एका ओळीवर तिकिटं काढतात. त्यांना सांगायचंच तर हे सांगा: यात सराव दिसतो का, आणि करंडक हुकल्यावर नायकाच्या हाती काय उरतं.