शाळेचा कारभार निवडून आलेल्या पालकांच्या हाती द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : शाळा व्यवस्थापन समित्यांची निवडणूक, निधी आणि अधिकार यांबाबत मागणीपत्र

महोदय,

आम्ही जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांमधल्या शाळा व्यवस्थापन समित्यांचे पालक-सदस्य आहोत. आमच्यात शेतकरी आहेत, ऊसतोडीला जाणारे आहेत, अंगणवाडीताई आहेत. आमच्या तालुका संघटनेच्या सभेत जे एकमताने ठरले, ते आपल्यापुढे ठेवत आहोत.

2024-25 च्या गणवेशापासून सुरुवात करतो. त्याआधी गणवेशाचे पैसे समितीकडे येत : एका गणवेशाला 300, दोन जोडांचे 600 रुपये. रक्कम अपुरीच होती. तरी गावातला शिंपी मुलाला समोर उभे करून माप घेई आणि बाही आखूड झाली तर दुसऱ्या दिवशी उसवून देई. त्या वर्षी शासनाने राज्यभराचे कापड एकत्र घेतले. आमच्या एका शाळेत गणवेश आले तेव्हा पावसाळा सरत आला होता. दुसरीतल्या एका मुलीचा स्कर्ट कमरेला इतका ढगळ, की आईने दोन्ही बाजूंना पिना लावून तिला शाळेत पाठवले. तिसरीतल्या मुलाच्या सदऱ्याचे गळ्याचे बटण लागेना. डिसेंबर 2024 मध्ये शासनाने निर्णय बदलला आणि हे काम पुन्हा समित्यांकडे दिले. त्याबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोत. मात्र काम काढून घेताना आमच्यापैकी एकाही समितीला कोणी विचारले नव्हते. उद्या पोषण आहाराचे किंवा इमारतीचे असेच झाले, तर आम्हाला तेही निर्णय झाल्यावरच कळेल.

कायदा आमच्या बाजूने आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 21 प्रमाणे समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा समितीने करायचा आणि शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने पुढचे नियोजन व अनुदान त्याच आराखड्यावर बेतायचे, असे कलम 22 सांगते. आम्ही आराखडे करतो, केंद्रप्रमुखांकडे देतो, आणि पुढे त्यांचे काय झाले हे कधीच कळत नाही. म्हणून आराखड्यातल्या प्रत्येक मागणीला मंजूर की नामंजूर, आणि नामंजूर असेल तर का, असे लेखी उत्तर गटशिक्षणाधिकाऱ्यांनी 60 दिवसांत द्यावे.

पण मुळात समिती खरी हवी, आणि आमचा सर्वांत मोठा आग्रह तिथेच आहे. आमच्या एका सदस्य ताई सांगतात : त्या कांदा लागवडीला वाकलेल्या होत्या, शाळेतला एक मुलगा वही घेऊन बांधावर आला, त्यांनी चिखलाचा हात पदराला पुसून सही केली. आपण समितीवर आहोत, हे त्यांना सात-आठ महिन्यांनी कळले. इतिवृत्तात मात्र सूचक, अनुमोदक, सर्वानुमते निवड, सगळे रीतसर लिहिलेले होते. यात मुख्याध्यापकांना दोष देऊन आम्ही मोकळे होणार नाही. दोन शिक्षकी शाळेत वर्ग सांभाळून कागद पुरे करायचे तर असेच होते. म्हणून निवडीची पालकसभा संध्याकाळी घ्यावी, सात दिवस आधी गावात दवंडी द्यावी. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परतल्याशिवाय सभा घेऊ नये. इच्छुक जास्त असतील तर चिठ्ठीने गुप्त मतदान व्हावे, आणि सभेवर देखरेखीला दुसऱ्या केंद्राचे केंद्रप्रमुख यावेत.

निधीबद्दल थोडक्यात. शाळा अनुदान आमच्याकडे मार्चअखेरच्या तोंडावर येते आणि काही दिवसांत खर्च करावे लागते. मग गळक्या छपराऐवजी जे पटकन विकत मिळेल ते घेतले जाते. अनुदान जूनमध्ये मिळावे, उरलेली रक्कम पुढच्या वर्षी वापरता यावी.

शाळेच्या वरच्या पातळीवर तर पालकांना जागाच नाही. आमच्या आजोबांच्या तोंडी 'लोकल बोर्डाची शाळा', 'स्कूल बोर्ड' हे शब्द होते. 1947 च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने जिल्हा आणि नगरपालिका शाळा मंडळे होती. 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि जिल्ह्यांचा कारभार त्यांच्याकडे गेला. शहरांतली शिक्षण मंडळेही पुढे बरखास्त झाली. त्या मंडळांच्या खरेदीबद्दल आणि बदल्यांबद्दल तक्रारी होत्या, हे आम्ही नाकारत नाही. पण तिथले बहुतेक सदस्य नगरसेवकांनी निवडलेले असत, पालकांना मत नव्हते. त्यांच्या चुकांसाठी पालकांची निवडणूक नाकारणे न्यायाचे नाही. शिवाय 2022 मध्ये राज्यातल्या बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली, आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तिथे प्रशासक होते. सदस्यच नाहीत म्हटल्यावर जिल्हा परिषदेची शिक्षण समितीही नाही. छपराची तक्रार सभागृहात मांडायला कोणी नव्हते. म्हणून प्रत्येक तालुक्यात शाळा व्यवस्थापन समित्यांच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडलेले शिक्षण मंडळ असावे, आणि जिल्हा परिषदेवर प्रशासक असला तरी ते चालू राहावे. त्याला खरेदीचे अधिकार नकोत. तालुक्याचे अंदाजपत्रक पाहण्याचा आणि अधिकाऱ्यांना प्रश्न विचारण्याचा अधिकार पुरे.

कमी पटाची शाळा बंद करायची किंवा समूह शाळेत न्यायची असेल, तर त्या शाळेच्या पालकसभेचा ठराव बंधनकारक असावा. सहा वर्षांच्या मुलाने ओढा ओलांडून जायचे की नाही, हे त्याच्या आईवडिलांनी ठरवायचे आहे.

या पत्राची प्रत आमच्या प्रत्येक शाळेच्या फलकावर लावली आहे. आपले लेखी उत्तर पुढच्या पालकसभेत वाचून दाखवायचे ठरले आहे. ते त्याआधी मिळावे, ही विनंती.

आपले,
शाळा व्यवस्थापन समित्यांचे पालक-सदस्य